‘पडीक’ हा शब्द मीच लिहिला होता

२०२३ च्या दिवाळीनंतर आमच्या गावात गायरानावरच्या सोलर प्रकल्पासाठी ग्रामसभा झाली. बालाघाटच्या माळावरचं गाव आहे आमचं. वस्तीतले तीस-पस्तीस लोक आले होते आणि मारुतीच्या पारापासून थोडं लांब, नेहमीच्या जागी उभे होते. ग्रामसेवकांनी कपाटातून एक जाड फाइल काढली, पान शोधलं आणि वाचलं : “सदर गट पडीक असून तेथे उल्लेखनीय जैवविविधता आढळत नाही.” फाइल मिटली. विषय संपला.

ती फाइल म्हणजे गावाची लोक जैवविविधता नोंदवही होती आणि ती ओळ माझ्या हस्ताक्षरात होती. खाली सहीही माझीच.

त्याच गायरानात माझ्या आजोबांनी काढलेली साडेतीन एकर जमीन आहे. वस्तीतल्या आणखी अकरा घरांची जमीन तिथे आहे, गाव नमुना १-ई मध्ये अतिक्रमण म्हणून नोंदलेली. या लेखात मला हवामान बदल आणि जैवविविधता यांचा संबंध सांगायचा आहे. पण त्याआधी ही कबुली द्यायला हवी, कारण मला तो संबंध एम.ए.च्या पुस्तकांतून कळलेला नाही. माझ्या स्वतःच्या चुकीतून कळला.

नोंदवही कशी झाली ते सांगते. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची असते. त्या समितीने गावातली झाडं, गवतं, पिकांचे वाण, जनावरं, पाखरं आणि त्यांच्याबद्दल लोकांना असलेलं ज्ञान नोंदवायचं असतं. कायदा झाल्यावर कित्येक वर्षं हे कुणी मनावर घेतलं नाही. मग राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि चुकल्यास राज्याला महिन्याला दहा लाख रुपये भरावे लागतील असं बजावलं. त्यानंतर सगळीकडे धावपळ उडाली. एका संस्थेला काही तालुक्यांचं काम मिळालं. मी तेव्हा त्या संस्थेत मानधनावर होते. माझ्या वाट्याला बावीस गावं आली आणि मुदत होती सव्वादोन महिने.

बावीस गावांचं जीवन सव्वादोन महिन्यांत, तेही हिवाळ्यात. पावसाळ्यात उगवणारी तरोटा, कुर्डू, पाथरी, चिघळ या भाज्यांची नोंद आम्ही डिसेंबरात करत होतो. गवत वाळून पिवळं पडलेलं, तुरा झडलेला, ओळखायचं कशावरून? कार्यालयातून एक ‘नमुना नोंदवही’ ईमेलवर आली होती. बरेच जण तीच उतरवून काढत. दुष्काळी पट्ट्यातल्या एका गावाच्या यादीत चक्क रातांबा निघाला. कोकणातली फाइल गावाचं नाव बदलून आमच्याकडे आली होती. मी तो रातांबा खोडला आणि आपण फार प्रामाणिक काम करतोय असं मला वाटलं.

माहिती कोण देत होतं? सरपंच, पोलीस पाटील, एखादे निवृत्त गुरुजी, ज्याच्या घरी खुर्च्या आहेत तो. माझ्या स्वतःच्या गावातही मी तेच केलं. ‘पडीक’ हा शब्द मी तलाठ्याच्या कागदावरून उचलला. फॉर्मवर ‘गटाचे वर्णन’ असा रकाना होता आणि महसुलात ज्या जमिनीवर पीक नाही, झाड नाही, ती पडीक. आमच्या वस्तीत मी त्या दिवसांत दोनदा गेले, दोन्ही वेळा जेवायला.

समितीचीही गोष्ट ऐका. तेव्हाच्या, २००४ च्या नियमांप्रमाणे समितीत अध्यक्ष आणि जास्तीत जास्त सहा सदस्य असायचे, त्यांत एक तृतीयांश महिला आणि किमान १८ टक्के अनुसूचित जाती-जमातीचे. सहाचे १८ टक्के म्हणजे एक माणूस. आमच्या गावच्या समितीत तो एक माणूस होता माझा चुलतभाऊ. तो सदस्य आहे हे त्याला ग्रामसभेच्या दिवशी माझ्याकडून कळलं. कागदावर त्याची सही होती. रेशनच्या वेळी घेतलेल्या सह्यांतली ती असावी, असं तो म्हणाला.

आता मूळ मुद्द्याकडे येते. १९९२ साली रिओत जगातल्या सरकारांनी दोन वेगवेगळे करार सहीसाठी ठेवले, एक हवामानाचा आणि एक जैवविविधतेचा. तेव्हापासून दोन्ही प्रश्नांच्या परिषदा वेगळ्या, तज्ज्ञ वेगळे, निधी वेगळा. हवामानाच्या बाजूला प्रश्न एका आकड्यावर आला : हवेत कार्बन किती टन. आपल्या देशानेही २०१५ मध्ये सांगितलं की २०३० पर्यंत झाडं आणि जंगलं वाढवून २५० ते ३०० कोटी टन कार्बन डायऑक्साइडइतकी जादा साठवण करू. आकडा दिला की तो भरायला जागा लागते. कुणाची जागा, हा प्रश्न त्या टेबलावर नसतो.

महाराष्ट्रात त्याच सुमारास वृक्षलागवडीची मोहीम निघाली. २०१६ साली दोन कोटी, मग चार, मग तेरा, आणि २०१९ ला तेहतीस कोटी. जगली किती यावरून पुढे विधानसभेत वाद झाला आणि चौकशीला समिती नेमावी लागली. माझा प्रश्न जगण्याचा नाही, लावली कुठे याचा आहे. बागायतदाराच्या उसात कुणी खड्डा खणला नाही. जिल्ह्याला आकडा आला, तालुक्याला आला, ग्रामपंचायतीला आला, आणि शेवटी तो गायरानावर येऊन बसला. जेसीबीने माळावर सलग समतल चर मारले. वरची वीतभर माती उलटी झाली, खालचा मुरूम वर आला आणि त्यात गिरिपुष्पाच्या काड्या खोचल्या. शेळ्यांना बंदी. त्या वर्षी आमच्या आत्याने सहापैकी चार शेळ्या विकल्या.

माळरान हे काही मोडलेलं जंगल नव्हे. कमी पावसाच्या, उथळ मातीच्या प्रदेशात हजारो वर्षं टिकलेली ती स्वतंत्र सृष्टी आहे. जंगल आपला बराचसा कार्बन खोडाफांद्यांत, जमिनीवर ठेवतं. गवताळ रान तो मुख्यतः मुळांत आणि मातीत ठेवतं. माळाला आग लागली तर वरचं गवत जळतं, पण खालची साठवण बरीचशी शाबूत राहते आणि पहिल्या पावसात पुन्हा फुटवा येतो. म्हणजे चर मारून आपण जमिनीखालचा साठा उघडा केला आणि वर जगेल न जगेल अशी काडी लावून नवा साठा केल्याची नोंद केली. २०२१ मध्ये हवामानावरचं आंतरसरकारी मंडळ आणि जैवविविधतेवरचं मंडळ पहिल्यांदा एकत्र बसलं आणि त्यांच्या अहवालाने हेच बजावलं : जिथे मुळात जंगल नव्हतं तिथे झाडं लावल्याने जैवविविधतेचं नुकसान होतं, आणि हवामानाला होणारा फायदाही भरवशाचा नाही. अहवाल इंग्रजीत आला. जेसीबीवाल्यापर्यंत पोचला नाही हे समजू शकते, पण मंत्रालयापर्यंत पोचायला काय हरकत होती?

त्यानंतर केंद्राची हरित श्रेयांक योजना आली. २०२४ च्या फेब्रुवारीत तिची पद्धत ठरली तेव्हा अट होती हेक्टरी किमान ११०० झाडं. जागा कुठली? ‘निकृष्ट’ जमीन, त्यात झुडपी रान आणि पडीकही. एका शब्दावर सगळं चालतं ते असं. तुमच्या गटापुढे ‘पडीक’ लिहिलं की तो गट सगळ्यांच्या कामाचा होतो, तुम्ही सोडून.

आणि हवामान बदलाचा मार कुणावर पडतो हे मराठवाड्यातल्या माणसाला शिकवायला नको. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. २०२१ च्या सप्टेंबरात त्याच जिल्ह्यात मांजराकाठची पिकं पाण्याखाली गेली. पाच वर्षांत दोन्ही टोकं. कोरड्यात जनावराला तगवतं ते माळाचं गवत, कारण त्याला पेरावं लागत नाही. ओल्यात माती धरून ठेवतात ती त्याचीच मुळं. माळ उलटला की पाऊस मुरत नाही, वाहून जातो, ओढ्याकाठच्या घरात शिरतो. ओढ्याकाठी कुणाची घरं आहेत? पूर आला तर पहिल्यांदा कुठल्या वस्तीचं दळण भिजतं? आणि दुष्काळ पडला तर कोण कोयता घेऊन उसाच्या फडावर जातं? जैवविविधता आणि हवामान यांचा संबंध आमच्याकडे चाऱ्याच्या भाऱ्यातून आणि ट्रकमध्ये बसलेल्या कुटुंबातून कळतो.

आता अवघड भाग. गायरान आपल्या चळवळीचा विषय आहे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. १९६४ च्या ६ डिसेंबरपासून पुढच्या फेब्रुवारीपर्यंत चाललेल्या सत्याग्रहात लाखो लोक तुरुंगात गेले. बीड जिल्ह्यात एकनाथ आवाडांनी पुढे गायरानाचा लढा गावोगाव नेला. त्याच्याही मागे जा. बाबासाहेबांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींसाठी सरकारी, न कसलेली जमीन द्यावी अशी तरतूद मागितली होती. म्हणजे ‘पडीक जमीन’ हा शब्द आपल्याही मागणीत आहे. आपण म्हणालो, पडीक आहे, आम्हाला द्या, आम्ही कसू. माझ्या आजोबांनी कुदळीने गवत काढलं, दगड वेचले, बांध घातला. साडेतीन एकर माळ गेला आणि ज्वारी आली. त्या गवतात अंडी घालणारा चंडोल कुठेतरी गेलाच असणार.

हे मी लपवणार नाही. पर्यावरणवादी मित्र हाच मुद्दा पुढे करतात आणि आपले कार्यकर्ते चिडून उत्तर देतात. चिडायचं कारण नाही, हिशेब मांडायचा. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानावरील अतिक्रमणांचा प्रश्न स्वतःहून हाती घेतला, तेव्हा सरकारनेच सांगितलं की अतिक्रमणं दोन लाखांहून अधिक आहेत. आकडा ऐकून छाती दडपते. पण त्यांचं क्षेत्र सुमारे दहा हजार हेक्टर आणि राज्यातलं एकूण गायरान सुमारे साडेचार लाख हेक्टर. त्या दहा हजारांतही सगळे भूमिहीन नाहीत, पुढाऱ्यांचे गाळे आहेत, शाळा-दवाखानेही आहेत. मग उरलेल्या माळाचं गवत कुणी खाल्लं? कारखान्यांनी, कालव्यांनी, उसाने, चरांनी आणि वेड्या बाभळीने. साडेतीन एकरवाल्याच्या बांधावर निदान मारवेल आणि बोराटी शिल्लक आहे. तुरीत, ज्वारीत, मुगात त्याचं रान मिसळलेलं आहे.

तरीही आजोबांच्या बाजूने माझा खरा युक्तिवाद हा नाही. त्यांना दुसरी जमीनच नव्हती, हा आहे. ज्यांच्याकडे काळी रानं होती त्यांनी गवत जपण्याचा भार भूमिहीनाच्या डोक्यावर ठेवायचा, हे न्यायात बसत नाही. २०११ च्या जगपाल सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामायिक जमिनी मोकळ्या करा म्हटलं, पण भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना शासन अधिसूचनेने दिलेल्या जमिनींसाठी अपवादाची जागा ठेवली. महाराष्ट्राच्या १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी शेती नियमित करायची ठरवली होती. आमच्या बारा घरांचे अर्ज तेव्हापासून आहेत. २०२२ च्या नोटिसा मात्र आठवड्यात आल्या.

समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून आणखी एक हिशेब चुकता करायचा आहे. १९८३ साली माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी एक मांडणी केली होती : जातीजातींनी निसर्गातली साधनं वाटून घेतल्यामुळे त्यांच्यात स्पर्धा कमी झाली आणि साधनं टिकली. एका जातीने एक जनावर पाळावं, दुसरीने दुसरं धरावं, जंगलातल्या प्राण्यांचे जसे कोनाडे असतात तसे जातींचे कोनाडे. गाडगीळांबद्दल मला आदर आहे. लोक जैवविविधता नोंदवहीची कल्पना रुजवण्यातही त्यांचा मोठा वाटा आहे, आणि पश्चिम घाटाबद्दल ते सत्तेपुढे नमले नाहीत. पण हा कोनाडा आम्ही आतून पाहिला आहे. आमच्या कोनाड्यात मेलेलं ढोर होतं. ते ओढायचं, सोलायचं, त्याच्यावर जगायचं, आणि त्या कामाच्या बदल्यात मिळालेल्या जमिनीचं नावसुद्धा हाडकी-हाडोळा. प्राणी आपल्या कोनाड्यातून बाहेर पडला तर त्याला कुणी बहिष्कृत करत नाही. बाबासाहेबांनी १९२७ ला महाडला मृत मांस सोडा, ढोरं ओढू नका म्हणून सांगितलं आणि आमच्या आजा-पणजांनी ते सोडलं, तेव्हा गावोगाव मारहाणी झाल्या. वाटणी नैसर्गिक असती तर मारावं कशाला लागलं असतं?

गिधाडांची गोष्ट इथे जोडून घ्या. माळावर मेलेलं जनावर टाकलं की गिधाडं तासाभरात हाडं मोकळी करायची. नव्वदच्या दशकात ती झपाट्याने संपली. कारण निघालं जनावरांना टोचलेलं डायक्लोफेनॅक. २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, पण गिधाडं परत भरून आली नाहीत. एका परिसंवादात एक वक्ते हळहळले की पूर्वी गावात या सगळ्याची कशी सुंदर व्यवस्था होती. मी उठून विचारलं, त्या व्यवस्थेतल्या पाखराबद्दल तुम्ही बोललात, माणसाबद्दल कधी बोलणार? सभा शांत झाली. संयोजकांनी चहाची घोषणा केली.

म्हणून मला ‘आपले पूर्वज निसर्गपूजक होते’ या वळणाने जायचं नाही. गाव म्हणजे काय हे बाबासाहेबांनी संविधान सभेत सांगून ठेवलं आहे. आपल्या लोकांना गवताची नावं ठाऊक आहेत ती पूजा म्हणून नव्हे. काळ्या रानातला कुंदा खणायला आपल्याच आजोबांना बोलवायचे, भारा वाहायला आपल्याच आज्या होत्या. ते ज्ञान मजुरीतून आलं, सक्तीतून आलं, दुष्काळातल्या भुकेतून आलं. पण ते ज्ञान आहे, आणि कायद्याने त्याला रकाना दिला आहे. तो रकाना आपण रिकामा ठेवला तर त्यात दुसरं कुणीतरी ‘पडीक’ लिहितं. आमच्या गावात ते मी लिहिलं.

ग्रामसभेनंतरच्या पावसाळ्यात मी रजा काढून गावी राहिले. आत्याला घेऊन गायरानात गेले. आत्या सत्तरीच्या पुढची, गुडघे दुखतात, पण माळावर तिचा वेग मला गाठता येईना. मी वही उघडून म्हटलं, “आत्या, इथे नुसतं गवत आहे ना?”

“आगं बाई, तुला निस्तं गवत दिसतंय व्हय?” ती वाकली. “ह्यो पवन्या. ह्यो मारवेल, जनावर आधी ह्येला तोंड लावतंय. ही कुसळी, कवळी हाय तवर खातेत, कुसळं आली की सोडून देतेत. आन् ह्ये तुज्या पायाखाली हाय ना, ते काढू नको, ते पाणी धरतंय.”

पायाखालचं काढलं नाही. वर्षावासाचा नियम आठवला. पावसाळ्यात भिक्खू हिरवं गवत आणि बारीक जीव तुडवत फिरतात अशी लोकांनी तक्रार केली, म्हणून तथागतांनी पावसाळाभर एका जागी राहण्याचा नियम घालून दिला, असं विनयात येतं. विहारात आम्ही दरवर्षी वर्षावासाचं ग्रंथवाचन करतो. ते गवत नेमकं कुठलं असेल हा विचार मला कधी आला नव्हता.

दोन महिन्यांत, आठ-दहा फेऱ्यांत आम्ही एकसष्ट नावं लिहिली. त्यात सतरा गवतं, चौदा रानभाज्या, तरवड, हिवर, खैर, बोराटी, तीन प्रकारच्या मधमाश्या, टिटवी, लावा, तित्तर, आणि एका पहाटे समोरून पळालेलं खोकड. आत्याने प्रत्येकापुढे काय बदललं तेही सांगितलं. नोंदवहीत ‘पूर्वीची स्थिती’ आणि ‘सद्यस्थिती’ असे दोन रकाने असतात. माझ्या जुन्या वहीत मी दोन्हीकडे ‘मध्यम’ लिहिलं होतं. आत्याच्या हिशेबाने पवन्या निम्मा राहिला. मृगात उगवणारी एक भाजी आता पाऊस उशिरा आला की उगवून लगेच फुलावर येते, खायला सापडत नाही. बोरं लहान झाली. काँग्रेस गवत तिच्या लग्नानंतर आलं, आधी रस्त्याकडेला आणि मग चर मारले त्या पट्ट्यात. तिला हे ठाऊक नाही की ते गवत १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं. पण माती उलटली तिथेच ते घुसलं, हे तिचं निरीक्षण कुठल्याही प्रबंधात चाललं असतं. झुडपं वाढतायत असंही ती म्हणाली. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की आपल्या उष्ण भागातल्या गवतांपेक्षा झुडपांना जास्त फायदा मिळतो, असं शास्त्रज्ञ म्हणतात. आमच्या माळावर त्याचा हात किती आणि चराई बंद झाल्याचा किती, हे मी ठरवू शकत नाही. मी तिचं वाक्य तसंच लिहिलं आणि ‘माहिती देणाऱ्याचे नाव’ या रकान्यात तिचं पूर्ण नाव घातलं. ते पाहून ती म्हणाली, “सात-बाऱ्यावर आलं का माजं नाव?”

या कामाबद्दल आपल्याच एका साथीदाराने मला सुनावलं : अॅट्रॉसिटीच्या केसेस पडल्यात, शिष्यवृत्ती वेळेवर मिळत नाही, आणि ताई पाखरं मोजतायत. त्याचा राग मला समजतो. पण बघा, नोटीस आली तेव्हा आपण १-ई चा उतारा दाखवला, पिकांची नोंद दाखवली, आणि समोरून एकच कागद आला, माझी नोंदवही. जैवविविधता व्यवस्थापन समिती ही कायद्याने उभी केलेली संस्था आहे. तिच्या नोंदी सरकार वापरतं. तिथली आपली एक खुर्ची रिकामी राहिली तर ती आपल्या सहीने भरली जाते, आपल्याशिवाय. जगभर २०३० पर्यंत तीस टक्के जमीन आणि समुद्र राखायचं उद्दिष्ट २०२२ च्या डिसेंबरात माँट्रियलला ठरलं आहे. त्यातली जमीन नकाशावर कुठून काढतील? बंगल्यांच्या सोसायट्यांमधून नक्कीच नाही.

सोलरला माझा विरोध आहे असं कुणी समजू नये. कोळसा जाळून जे झालं ते आपण भोगतोय, वीज उन्हातून आली तर हवीच. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत खासगी जमीन भाड्याने दिली तर मालकाला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये मिळतात. गायरान मात्र नाममात्र भाड्याने जातं, आणि १-ई वाल्याला त्यातलं काही नाही. गावात दोन मोठ्या शेतकऱ्यांची मुरमाड रानं तीन वर्षं पेरलेली नाहीत. ती भाड्याने घ्या, त्यांना पैसे द्या, माळ सोडा, असं ग्रामसभेत चुलतभाऊ बोलला. समितीचा सदस्य म्हणून पहिल्यांदाच बोलला. त्याचं भाषण दीड मिनिटाचं होतं आणि पाय थरथरत होते.

नवी यादी, जुन्या नोंदीत दुरुस्तीचा अर्ज आणि माझं लेखी निवेदन, की २०२० ची ती ओळ मी प्रत्यक्ष पाहणी न करता लिहिली होती, हे तिन्ही कागद आम्ही ग्रामपंचायतीत, पंचायत समितीत आणि तहसीलला दिले. पोच घेतली. निवेदन दिल्यावर मला त्या संस्थेकडून पुन्हा काम मिळालं नाही. ग्रामसभेचा ठराव दोनदा तहकूब झाला. प्रकल्पाची मोजणी एकदा झाली, खुणेचे दगड रोवले गेले, त्यांतला एक आजोबांच्या बांधावर आहे. बाकीच्या एकवीस गावांच्या वह्याही माझ्याच हस्ताक्षरात आहेत. त्यातल्या चार गावांत आपल्या पोरांनी नव्याने यादी करायला घेतली आहे. ज्यांच्या तालुक्यात अशा वह्या आहेत त्यांनी ग्रामपंचायतीत जाऊन आपल्या गायरानाचा गट क्रमांक काढून पाहावा आणि समितीत आपल्या वस्तीतलं कुणाचं नाव घातलं आहे, त्याला ते माहीत आहे का, हेही विचारावं.

परवा आत्याचा फोन आला होता. दोन गवतं लिहायची राहिली, म्हणते, ती पोळ्यानंतरच दिसतात. मी पोळ्याला गावी जाणार आहे.

जयभीम.